गुरुजींच्या जबड्यातलं हाड

अमरावतीच्या आख्ख्या राजापेठेत दातायचा शिकलेला डॉक्टर एकच होता, अन् तो तिवशाच्या मातीतला होता. नाव सूर्यभान. त्याच्या घरात चौथीच्या वर कोनी गेलं नव्हतं, अन् हा पोट्टा मुंबईहून डिग्री घेऊन आला. तिथले मोठे डॉक्टर त्याले म्हनत, इथंच राह्य. हा म्हने, "काहून? वऱ्हाडातले लोक काय हिरड्यानं चावतात?"

पन लोकायले अक्कल पाह्यजे ना! बाजारात एक दातवाला बसे. तो सांडशीनं दात उपटे अन् वरून लवंग फुकट दे. सगळी गर्दी त्याच्याकडं. सूर्यभान इकडं पांढरा कोट घालून एकच पेपर दोनदा वाचे.

खरं म्हनजे त्याच्याजवळ जी विद्या होती ती त्या सांडशीवाल्याच्या बापजन्मात नव्हती. दात उपटला का त्याच्या भवतालचं हाड झिजत जाते. खुटा उपटल्यावर खड्ड्याची माती बसते ना, तसं. मंग जबडा बसते, गाल बसते, अन् नवा दात बसवला तं तो तोंडात नाचते. सूर्यभान काय करे, दात काढला का त्याच मानसाच्या अकलदाढेमागून जरासं हाड घे, बारीक करे, त्या खड्ड्यात भरे अन् वरून हिरडी शिवून टाके. हाडाले हाड धरते. अमरावतीत दुसऱ्या कोनी हे केल्याचं कोनाच्या ऐकन्यात नाई. पन करून घ्याले कोनी तयार तं पाह्यजे!

सन चौसष्टच्या भादव्यात मोरोपंत गुरुजी आले. अर्ध्या गावची श्राद्धं त्यायच्याकडं. सुपारी फोडता फोडता वरचा समोरचा दात उभा चिरला होता.

"डॉक्टर," गुरुजी तोंडावर उपरनं धरून म्हनाले, "मला पितरांना 'स्वधा' म्हणावं लागतं. खोटा दात हलला आणि शिट्टी वाजली, तर यजमान हसतील आणि पितर उपाशी जातील."

"हाड राह्यलं तं दात घट्ट बसन, गुरुजी. हाड गेलं तं शिट्टी."

गुरुजी खुर्चीत बसले. सूर्यभाननं असं काम केलं का मुंबईवाल्यायनं येऊन पाहावं. मंग त्यानं बजावलं, "टाके निघेपर्यंत उकळून गार केलेलं पानी अन् पातळ पेज. दुसरं काही तोंडात गेलं तं हाड सडन, सांगून ठेवतो."

गुरुजींनी पेज पाळली, तोंड नाई पाळलं. सुजलेल्या गालानं गावभर सांगत फिरले, का आपल्या जबड्यात हाड बसवलंय, असं हाड जिल्ह्यात कोनाच्या तोंडात नाई. लोकायनं दोन दिवस कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एकानं इचारलं, "हाड कोनाचं?"

झालं! कोनी म्हने बोकडाचं, कोनी म्हने दवाखान्यातल्या मुडद्याचं. गुरुजी सांगत, "अहो, माझंच!" पन ते कोन मानते? पितृपक्ष तोंडावर आलेला. श्राद्धाले जेवनारा बामन, अन् त्याच्या तोंडात हाड! पहिला सांगावा हेमचंद्र वकिलाच्या घरून आला: पंचगव्य घेऊन शुद्ध झाल्याबिगर गुरुजींनी यजमानाकडं येऊ नये.

हा वकील विलायतेहून शिकून आला तवा आईच्या हट्टापायी त्याले गुरुजींनी वाटीभर पंचगव्य पाजलं होतं. दही-दूध-तूप ठीक हाय, पन गाईचं शेन अन् गोमूत्र घशाखाली उतरवताना त्यानं नाक दाबलं, तं गुरुजींनी हात खाली घ्याले लावला होता.

आता वकिलाच्या ओसरीत चार पुढारी जमले. वाटी भरली. गुरुजींनी वाटी हातात घेतली. घ्यावं तं हाड जाते, न घ्यावं तं यजमान जाते.

सूर्यभानच्या कानावर गेलं तसा तो दवाखाना उघडा टाकून निघाला. कोटासहित ओसरीवर चढला. वाटी ओठाशी पोचलेली. कोनाले काही समजाच्या आत त्यानं लोकायच्या तोंडात घालाची आपली पाची बोटं त्या पंचगव्यात बुडवली.

"अरे, हे काय केलं?" वकिलाची आई रमाबाई ओरडली. "बाटलं ना सगळं!"

"बाटलं," सूर्यभान बोटं झटकत म्हनाला. "आता नवीन बनवा. अन् बनवाच्या आधी गुरुजीले एकडाव पोथी पाहू द्या. टाके ताजे हायेत त्यायचे."

गुरुजींनी पोथी काढली. असं वाचलं, असं वाचलं, का जनमभर वाचलं नसन. चष्मा पुसत म्हनाले, "जखमी माणसाला प्राशनाची गरज नाही. दर्भानं मस्तकावर शिंपडलं तरी पुरतं."

पोथी दुसऱ्या कोनाले वाचता येत नव्हती. वकील गालातल्या गालात हासला.

"गुरुजी, माझ्या वेळेला हा श्लोक पोथीत नव्हता का?"

"होता. पण तेव्हा तुमचे सगळे दात शाबूत होते."

नव्या पंचगव्याचे चार थेंब गुरुजींच्या डोक्यावर पडले. त्या पितृपक्षात गुरुजींनी समोरच्या खिंडीतून शिट्टी वाजवतच श्राद्धं केली. हासाची कोनाची टाप नव्हती, शुद्ध झाले होते ना!

थंडी सरल्यावर सूर्यभाननं हिरडी चाचपली. जबडा जसाचा तसा भरलेला! दात असा बसवला, का गुरुजी 'स्वधा' म्हनाले तं बाहेर बाकावर बसलेल्यायनं मान डोलावली. गुरुजींच्या डोळ्यात पानी आलं. त्यायनं सूर्यभानचे दोन्ही हात धरले, अन् बाहेर येऊन बाकावरच्या लोकायले म्हनाले, "पाहा! नुसत्या प्रोक्षणानं हाड भरून आलं. शास्त्र खोटं नसतं."

सूर्यभान दारात उभा होता. तो आत जाऊन अवजारं धुवाले लागला.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यासमोर रांग. वलगावची एक बाई, भागीरथा, किडकी दाढ दाबत आत आली.

"डॉक्टरसायब, दात काढल्यावर ते शिंपडनं तुमच्याइथंच होते का?"

सूर्यभाननं मुंबईच्या डिग्रीकडं एकडाव पाह्यलं, ती भिंतीवर सरळच होती.

"होते, मावशी," तो म्हनाला. "पन आधी तो तंबाकू थुका, अन् चूळ भरा."