बिअर नितळ कशी झाली

"साहेब, डोकं फिरलंय का तुमचं? पावन्यांच्या हातातले ग्लास काय हिसकावताय?"

दामूशेठ ओरडत होते. ते विचुंब्यात ओरडले की खारघरच्या टॉवरवरची कबुतरं उडतात, आणि त्या दुपारी ते माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. तोवर मी सात ग्लास हिसकावले होते. आठवा जिग्नेशभाईंच्या हातात होता आणि तो अर्धा रिकामा होता.

"जिग्नेशभाई, ग्लास खाली ठेवा," मी म्हणालो.

"का? फर्स्ट क्लास झालीय."

"म्हणूनच ठेवा."

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. मी ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा माणूस. बावीस वर्षं मोठ्या कारखान्यात काढली. तिथल्या एका टाकीत पनवेलचं अख्खं बल्लाळेश्वराचं तळं मावलं असतं आणि वर दोन होड्या तरंगल्या असत्या. रिटायर झालो आणि दामूशेठनी गाठलं. पनवेलजवळ विचुंब्याला त्यांची जागा होती. तिथे त्यांना क्राफ्ट ब्रूअरी काढायची होती. क्राफ्ट म्हणजे छोट्या टाकीत, हाताने, जिथे बनते तिथेच प्यायची बिअर. पार्टनर जिग्नेशभाई. खारघरला त्यांचं शाकाहारी रेस्टॉरंट जोरात चालतं. त्यांची अट एकच होती. जागेत अंडंसुद्धा येणार नाही. घरात बिअरच्या नावाने आधीच वादळ झालं होतं. "जव, पाणी, यीस्ट आणि हॉप्स नावाचं एक फूल. यात कोणाचा जीव गेलेला नाही," असं सांगून त्यांनी आईला कसंबसं राजी केलं होतं. आईला तो शब्द त्यांनी दिला आणि त्यांना तो मी दिला होता. दारावर बोर्डही लागला, ‘शंभर टक्के शाकाहारी बिअर’.

कामाला लागण्याआधी दामूशेठ मला गोव्याला घेऊन गेले, किनाऱ्यावरच्या एका गावात. दोन दिवसांत चार ब्रूअऱ्या. टेस्टिंगला तिथे लाकडी फळीवर चार छोटे ग्लास देतात, त्याला फ्लाइट म्हणतात. दामूशेठ म्हणाले, "आमच्या जमिनीवर अख्खा विमानतळ झाला, आता आनखी फ्लाइट कशाला?" पण फळी मात्र त्यांनी सोडली नाही. वाइन चाखून थुंकतात, बिअर थुंकत नाहीत, कारण तिचा कडूपणा घशात मागे कळतो. एवढं एकच शास्त्र त्यांना पटलं, आणि ते त्यांनी सतरा ग्लासांवर तपासून पाहिलं.

चौथ्या ठिकाणी त्यांनी एक ग्लास समुद्रासमोर धरला आणि गप्प झाले. दामूशेठ गप्प झालेले मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"साहेब, यातून होडीवरचा नंबर वाचता येतो. मना अशी बिअर पायजे."

बिअर गढूळ असते ती यीस्ट आणि जवातल्या प्रोटीनमुळे. ती नितळ करायचे दोन रस्ते. एक, टाकी थंड ठेवायची आणि तीन-चार आठवडे हात जोडून बसायचं. दुसरा जुना परदेशी रस्ता, माशाचा. काही माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. ती वाळवून आंबट पाण्यात विरघळवायची आणि बिअरमध्ये सोडायची. ती सगळा गाळ कवेत घेऊन तळाला जाते. आपल्याकडे घोळ माशाची ही पिशवी सोन्यासारखी जपतात. कोळी तिला भोत म्हणतात.

मी अर्थातच पहिला रस्ता धरला. पण उद्‌घाटनाची तारीख ठरलेली, आणि बिअर काही ऐकेना. बुधवारी सकाळी ग्लास भरला तर त्यात तांदळाची पेज. दामूशेठ दिवसातून चाळीस वेळा यायचे, ग्लास उन्हात धरायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. शेवटी बुधवारी मी सांगून टाकलं, आता शुक्रवारपर्यंत कॉकला कोणी हात लावायचा नाही.

शुक्रवारी दुपारी उद्‌घाटन. पाहुणे बसले, पहिले आठ ग्लास मीच घाईघाईत भरले, ते टेबलावर गेले आणि नववा मी सवयीने खिडकीकडे धरला. पलीकडे तळोज्याच्या दिशेला एका कारखान्याची चिमणी आहे. तिच्या शिडीच्या पायऱ्या मला ग्लासातून मोजता आल्या. सत्तेचाळीस. साध्या डोळ्यांनी मला ती चिमणीही नीट दिसत नाही.

दोन दिवसांत बिअर स्वतःहून इतकी नितळ होत नाही. बावीस वर्षांत एकदाही झाली नव्हती. मी टाकीकडे धावलो, खालचा कॉक उघडला आणि तळाचा गाळ बादलीत घेतला. हात घातला. बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं. नखाएवढा पांढरा तुकडा, चिवट, अर्धवट विरघळलेला.

तो धुऊन उजेडात धरला आणि तसाच धावत बाहेर आलो. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

पाहुण्यांना "टाकीत बिघाड झालाय" सांगून गोड बोलून वाटेला लावलं. मग मी तो तुकडा बशीत ठेवला आणि जिग्नेशभाईंना खरं काय ते सांगितलं. लपवता आलं असतं. पण माझा शब्द त्यांच्या पोटात जाऊन बसला होता.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि बशीकडे बघत राहिले.

"मासा?" त्यांनी एवढंच विचारलं.

"माशाची पिशवी."

"मी प्यालो."

"अर्धा ग्लास."

मी दामूशेठकडे वळलो. "शेठ, हे तुम्ही केलंत?"

"आईची शप्पत, नाय. साहेब, मी सगला करीन, पन पार्टनरला फसवनार नाय." त्यांचे डोळे भरून आले होते. हा माणूस खोटं बोलताना हसतो हे मला माहीत होतं, आणि तो हसत नव्हता.

मग कोण? टाकीचं वरचं झाकण उघडायला आधी दाब सोडावा लागतो. ते कसं करायचं हे फक्त मला येत होतं. आणि आणखी एका माणसाला, ज्याला मी गेल्या रविवारी स्वतः शिडीवर चढवून शिकवलं होतं.

तेवढ्यात दारातून गंगूमावशी आल्या. दामूशेठच्या आईची जिवाभावाची मैत्रीण, उरणच्या बाजारात जन्मभर मासळी विकलेली. हिरवं लुगडं, केसांत अबोली, उद्‌घाटनाला यावं तशा थाटात.

"काय रं दामू, झाली का नाय साफ? दिसतो का आता नंबर?"

मला सगळं आठवलं. रविवारी त्या ब्रूअरी बघायला आल्या होत्या आणि कौतुक ऐकून माझी जीभ सुटली होती. दाब कसा सोडतात, हॉप्स कुठून टाकतात, सगळं दाखवलं. वर ठोकून दिलं, "मावशी, गोऱ्या साहेबाच्या देशात तुमच्या भोताशिवाय राजा बिअरला तोंड लावत नाही. लिंबाच्या पाण्यात विरघळवून घालतात." राजाचं मी पदरचं घातलं होतं. लिंबाचंही.

बुधवारी दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे खारघरला गेलो होतो. मावशी स्टीलचा डबा घेऊन आल्या, वॉचमनला "शेठची मावशी हाय" म्हणाल्या, आणि शिकवलं होतं तसं सगळं बिनचूक केलं. माझ्या हाताखाली आजवर जेवढे ट्रेनी गेले, त्यांतल्या एकानेही पहिल्याच वेळी इतकं बरोबर केलं नव्हतं.

"दोन भोत घातले," त्या म्हणाल्या. "नातीच्या लग्नासाठी ठेवलेले. माजा दामू रोज गढूल गढूल म्हनून रडत होता."

दामूशेठ तोंड फिरवून उभे राहिले.

जिग्नेशभाई उठले, बाहेर गेले आणि आईला फोन लावला. काचेतून दिसत होतं, ते बोलत कमी होते आणि ऐकत जास्त होते. बऱ्याच वेळाने आत आले.

"तीन दिवस उपास सांगितलाय. टाकी आत्ता रिकामी करा. झाकणाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. आणि आईने विचारलंय, त्या मावशी जेवल्या का."

ती अख्खी टाकी मी स्वतः गटारात सोडली. आजवर बनवलेली सगळ्यात नितळ बिअर. विचुंब्याचं गटार तेवढं स्वच्छ त्याआधी कधी दिसलं नव्हतं. पुढची बॅच चार आठवडे थांबून काढली. थोडी धुरकट होती. दामूशेठनी ग्लास उन्हात धरलाच नाही, सरळ तोंडाला लावला.

धंद्यातला माणूस म्हणून मी यातून एवढंच शिकलो की कुलूप आधी स्वतःच्या तोंडाला लावावं, टाकीला नंतर.

त्या दिवशी मावशींना रिक्षात बसवताना मात्र राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, दारावर एवढा मोठा बोर्ड आहे. इथे मासा चालत नाही, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

त्यांनी रिकामा डबा मांडीवर सरळ ठेवला.

"म्हावरा कुटं घातला? भोतात वारा असतो."