तसबिरीतली सवत

सवत असावी तर जिवंत असावी. तिच्याशी भांडता येतं, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येतात, आणि काही नाही तरी ती आपल्याबरोबर म्हातारी होते. माझी सवत माझ्या जन्माच्याही आधी मरून गेली होती, आणि आमच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ह्यांच्या टेबलासमोर तिची तसबीर लावलेली होती.

ती नटी होती. जर्मनीत, इंगोलश्टाटच्या थोडं पुढे एका लहान गावात गेल्या शतकात एक श्टाट्टथिएटर होतं, म्हणजे गावाचं स्वतःचं नाटकघर. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी होती तो काळ. ते नाटकघर आणि तिथली नटमंडळी हा ह्यांच्या डॉक्टरेटचा विषय. नटमंडळी पुष्कळ होती, पण आमच्याकडे रोज जेवायला एकटी तीच यायची. मी भात वाढला की हे सुरू होत. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचे, थंडीत तिला खोकला कसा होई, मॅनेजरशी भांडून रंगपटात तिने स्वतःचा आरसा कसा मिळवला. तिला लिंबाचं सरबत आवडे हे ह्यांना ठाऊक होतं. मला चहात साखर लागत नाही हे ठाऊक नव्हतं.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," मी एकदा पुटपुटले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. आमटी घ्या."

पन्नासचं दशक सरत आलं होतं. हे सुट्टीवर पुण्याला आले, लग्न करून परतले, आणि वर्षभराने मी बोटीने मागून जर्मनीला आले. म्हणजे मंगळसूत्र गळ्यात होतं, नवरा अजून मिळायचा होता. आणि तो त्या बाईकडून सोडवून आणायचा होता. मी उघड सांगते, मी जळत होते. तिच्या टपोऱ्या डोळ्यांवर, तिच्या खोकल्यावरसुद्धा.

एका शनिवारी हे म्हणाले, "चल, आज तूही चल." त्या गावच्या म्युझेउममध्ये एक म्हातारी बाई काम करायची. तिची आई त्या नाटकघरात नट्यांना वेष चढवायला असे, म्हणून हे तिला भेटायला नेहमी जात. मला कधी नेलं नव्हतं. मी हरखून चांगली रेशमी साडी नेसले, त्यावर ओव्हरकोट चढवला आणि गाडीत खिडकीशी बसून सारखी हसत होते.

म्हातारीने माझा हात हातात घेऊन नाव विचारलं. ह्यांनी सांगितलं. तिने एकदम टाळी वाजवली. "आख! पण हे तर तिचं नाव!"

मला कळेना. तिने हौसेने समजावलं. आपल्या एका जुन्या संस्कृत नाटकाचं जर्मन रूपांतर तिथे झालं होतं, आणि त्यातली नायिका ही त्या नटीची सगळ्यात गाजलेली भूमिका. गावातले लोक तिला रस्त्यातसुद्धा नायिकेच्याच नावाने हाक मारत.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. सासूबाईंनी कुलदेवीवरून एक नाव ठरवलं होतं. हे ऐकेनात. ह्यांनी स्वतःच्या पसंतीचं लिहिलं. बायका मला कोपर मारून म्हणाल्या, नवरा हौशी आहे हो! मीही तेच समजले होते, आणि माहेरचं नाव हसत हसत टाकून दिलं होतं.

आता मला कशाला आणलं तेही कळलं. नायिकेचा वेष म्युझेउमने जपून ठेवला होता, आणि ह्यांना प्रबंधासाठी तो अंगावर घातलेला असतानाचा फोटो हवा होता.

"अगं, तुझा बांधा साधारण तिच्यासारखाच आहे."

"तसबिरीवरून मोजलात वाटतं?"

"छे, तिच्या शिंप्याकडची मापं मिळाली," हे म्हणाले. अगदी सरळ मनाने.

वेष म्हणजे एक झगा आणि त्यावर जरीकाठी रेशमाचा लांब पट्टा, दाराच्या पडद्यासारखा टाचलेला. मी टाचण्या काढल्या, नीट निऱ्या घातल्या, पदर घेतला. आरशातून ह्यांच्याकडे बघितलं.

"नाही, नाही. ती असं नेसत नव्हती. हे चूक आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईने आमची नक्कल करायची आणि मी तिची! तोंडावर आलेले शब्द मी गिळले, कारण मला एकदा बघायचंच होतं, की ह्यांना काय दिसतं. म्हातारीने पुन्हा टाचण्या लावल्या. मी वळले.

अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. कॅमेरा हातातच राहिला. मग ह्यांनी हलकेच मला नावाने हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. एरवी सगळं 'अगं'वर भागत असे.

मी ओ दिली नाही. मान फिरवली आणि डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं.

"अशीच थांब!" हे ओरडले. "ती अगदी अशीच मान वळवायची!"

परतीच्या गाडीत हे खूश होते, मोठ्याने बोलत होते. मी मध्येच तोडलं. "अहो, ते नाव तिला परत द्या. मला यापुढे माहेरच्या नावाने हाक मारा."

ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. त्या नाटकघरातल्या पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा नाव ह्यांना पाठ होतं. एक स्टेशन आलं, माणसं चढली-उतरली, गाडी सुटली.

"काय होतं गं ते?" ह्यांनी विचारलं.