जोडीदारानं घेतलेली माझी बाजू
परवा एका गॅरेजपुढून जाताना पत्रा चिकटवायच्या गमचा उग्र वास आला आणि मी कामाला होतो तो उमरखेडचा टेम्पोच्या बॉडी बांधायचा कारखाना आठवला. कापसाचे भाव रोज पडत होते, म्हणून टेम्पोवाल्याला माल बाजारात न्यायची घाई होती. चिकटवलेला पत्रा दिवसभर शिकंज्यात, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या पकडीत, राहू द्यायचा असतो. मी शिकंजे दुपारीच काढले. ओढून पाहिला, पक्का वाटला. पण तुडवून भरलेल्या कापसानं आतून रेटताच तो काठापासून सोलत गेला. "शिकंजे कोनं काढले?" मालकानं विचारलं. माझ्यासोबत तो पत्रा बसवणारा जोडीदार म्हणाला, "यानं नाही जी. काढले असते तं सांगतलं असतं यानं." मी कबूल केलं नाही, आणि त्या कामावर आम्ही दोघंच होतो. मालकानं त्यालाच कामावरून काढलं. निघताना तो मला म्हणाला, "तू कायले रडून राह्यला बे?" त्याचं उत्तर आज पहिल्यांदा लिहितोय.