न मोजता बसलेलं चाक

मूर्तिजापूरच्या सडकेवर आमचं गाव, आणि शालिकराम सुतार आमचा चाकं करणारा. माणूस तोंडाचा तिखट. गाडी स्वतः पाहिल्याशिवाय तो लाकडाला हत्यार लावायचा नाही. म्हणायचा, "हात न पाहता कोनी पाटल्या घडवते काय?"

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यावर काही वर्षांनी अमरावतीची सर्व्हिस मोटार इथून धावू लागली. गाडीवान धास्तावले. हा मात्र खुशीत, कारण मोटारीच्या चाकांचे आरे लाकडी होते. "लाकूड हाय ना? मंग वाढू द्या मोटारी. चाकं त आमालेच करा लागतीन." त्याच भरवशावर त्याने थोरल्या पोराला, भगवंतला, हाताखाली घेतलं.

एका उन्हाळ्यात नाल्याच्या उतारावर मोटारीचं चाक मोडलं. ड्रायव्हर जानरावने तार केली. नवं चाक मुंबईहून रेल्वेने यायचं होतं. शालिकराम हसला. मोटार इथं, करणारा सातासमुद्रापार, मग माप घेतलं कुणी? चाक बसणार नाही आणि झक मारत आपल्यालाच बोलावतील, म्हणून चाक यायच्या दिवशी तो भगवंतला सोबत आणि रंधा, कानस, पाचरी घेऊन नाल्यावर आधीच येऊन बसला.

चाक आलं. जानरावने ते आसावर सरकवलं आणि ते बसलं. कुठे तासावं लागलं नाही.

"काढ," शालिकराम म्हणाला. पुन्हा काढलं, पुन्हा बसलं. मोडक्या चाकाची भोकं त्याने नव्याशी जुळवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता.

"कोन्या हातचं हाय हे?"

"कोन्याच नाई, बुवा. एक जन नुसते आरेच करते, दुसरा नुसते भोकं पाडते. असे हजारो चाकं, सारे सारखे."

आता हा बिथरणार, असं मला वाटलं. त्याने वहाणा काढल्या आणि चाकापुढे हात जोडले.

नवं चाक चढलं की करणाऱ्या सुताराला नारळ द्यायची आमची रीत. गावच्या पंजाबराव पाटलांनी सवयीने नारळ शालिकरामपुढे धरला आणि धरल्यावर तेच ओशाळले.

शालिकरामने तो घेतला, भगवंतच्या हाती दिला आणि पोराला जानरावपुढे उभं केलं.

"दे त्याले. आजपासून तुहा गुरू तो हाय, मी नाई."