विमलकाकूंनी बसवलेली अंडी

विमलकाकू गुरुवारी सापांना जेवायला घालत नसत. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली गोठवलेले उंदीर असत. बाकी कुठल्याही दिवशी त्यातला एक कोमट पाण्यात सोडून, चिमट्यात धरून त्या सापापुढे करत. गुरुवारी मात्र नाही. "माझ्या घरात राहायचं तर माझा वार पाळायचा," म्हणत. मी नागपूरची, जीभ जरा सैलच. म्हटलं, "काकू, सापांना उपासाचं काय कळतंय?" तर म्हणाल्या, "नीलला तरी कुठं कळत होतं? पाळायचा की."

नील त्यांचा एकुलता एक मुलगा. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आमच्यापासून दोन घरं सोडून काकू राहत. काका बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले आणि नील डॅलसला अपार्टमेंटमध्ये. त्या फेब्रुवारीत बर्फ पडला आणि त्याच्याकडची वीज गेली. काकूंनी फोन केला, "कुडकुडत बसू नकोस, घरी ये." तो निघाला आणि पुलावर त्याची गाडी घसरली. त्याबद्दल काकू एवढंच म्हणत, "मीच बोलावलं." कुणी समजूत घालू लागलं की उठून ओटा पुसायला घेत.

आठवड्याभराने नीलचा रूममेट समीर त्याचं सामान घेऊन आला. इथेच जन्मलेला मुलगा. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. सामानात काचेच्या दोन पेट्या आणि प्रत्येकीत एकेक कॉर्न स्नेक. केशरी, बिनविषारी, दोन हात लांब. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून विकलेल्या. समीरने जाताना बजावलं, "कीप देम सेपरेट, आंटी." त्याची गाडी वळते न वळते तोच काकूंनी दोघांना एका पेटीत ठेवलं. मी म्हटलं, "अहो, तो काय सांगून गेला?"

"वेगळं राहणं काय असतं ते मला विचार," काकू म्हणाल्या.

जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. "असशील तशी ये." जाऊन बघते तर पाण्याच्या वाडग्यामागे चौदा अंडी, पांढरी, लांबुळकी, एकमेकांना चिकटलेली. दोन माद्यांतली एक मादी नव्हतीच! मला किळसही आली आणि हसूही. काकूंचा चेहरा मात्र उजळला होता. त्या दिवशी फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्यांनी पांढरा रस्सा केला आणि मला बळेबळे दोनदा वाढला. "नीलच्या घरात पोरं होणार गं," म्हणाल्या.

मी दुकानात विचारायचं म्हटलं, तर त्यांना राग आला. "गडहिंग्लजला आईबरोबर किती कोंबड्या बसवल्यात मी. मला कुणी शिकवू नये." त्यांनी अंडी हलक्या हाताने सुटी केली, ओल्या शेवाळाच्या डब्यात मांडली, वर दिवा लावला. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. "कोंबडी अंडी उलटवते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. इथं कोंबडी मीच." त्यांना ताप आला तेव्हा दोन दिवस मी ती उलटवली. मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात अंडी पिवळी पडून खचू लागली. काकू एकेक उचलून कुंपणाशी पुरून येत आणि उरलेली आणखी काळजीने उलटवत. तेव्हा कुठे मला इंटरनेटवर शोधायचं सुचलं. सापाचं अंडं घातल्यावर उलटायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला कवचाला धरून असतो. उलटलं की मरतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाचलं आणि मी डबा तसाच बंद केला.

त्या दिवशी आठ अंडी उरली होती. जी बाई आधीच "मीच बोलावलं" म्हणत जगतेय, तिला आणखी एक तसंच वाक्य मी कुठल्या तोंडाने देऊ? चार दिवस मी शब्द जुळवत बसले. पाचव्या दिवशी तीन राहिली, तेव्हा थाप मारली, "दुकानवाला म्हणतो, आता शेवटचे दिवस, हलवू नका." काकूंनी लगेच मान डोलावली. "हो, कोंबडीचंही शेवटी तसंच असतं." आपण शहाणपणाने निभावलं असं मला वाटलं. आज त्याची लाज वाटते.

आता काकू गडहिंग्लजला भावाकडे असतात आणि साप समीरकडे. अधूनमधून आम्ही फोनवर बोलतो, तब्येतीचं, पावसापाण्याचं. पण काकू म्हटलं की मला ऑगस्टमधला तो रविवार आठवतो.

आणखी दोन अंडी सडून गेली होती आणि शेवटचं अंडं दिवस भरून गेले तरी फुटत नव्हतं. काकूंनी समीरला आणि मला बोलावलं. त्याने बारीक कात्रीने कवच कापलं. आत इवलासा केशरी साप, वेटोळं घातलेला, पूर्ण वाढलेला, मेलेला. काकूंनी तो तळहातावर घेतला. समीर कवचावरची फुली आणि गोल बघत होता. "यू टर्न्ड देम? आंटी, यू कान्ट..." आणि तो थांबला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आठ होती तेव्हापासून. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं काय राहिलंय माझं? तू मला जपत बसलीस आणि चार दिवस मी त्यांना मारत बसले."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग त्या समीरकडे वळल्या. अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये सगळ्यांत आधी पोहोचला होता तो. "तूही मला जपलंस, होय ना? नील जागच्या जागी गेला म्हणालास. गेला का रे जागच्या जागी?"

समीरने कात्री खाली ठेवली.

"नो, आंटी."

मी दाराकडे निघाले, तर काकूंनी मनगट धरून मला थांबवलं. तो इवला साप पदराच्या टोकात ठेवला, समीरला खुर्ची ओढून दिली आणि त्याच्यासमोर बसल्या.

"पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "काही गाळू नकोस."