तपासणीशिवाय पास नाही

चहा घ्या, पण एक घोट घेऊन कप खाली ठेवा. मी काय करून बसलो ते ऐकताना ठसका लागला तर जबाबदार मी नाही!

माझी सगळी नोकरी इथल्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. माल पास करायचा की परत पाठवायचा, हे मी ठरवायचो. मी निवृत्त झालो, पण सवय काही निवृत्त होईना. बायको, शैला, म्हणते की पोळीसुद्धा मी उलटीपालटी केल्याशिवाय खात नाही.

तर झालं असं, की मी पत्रिका जुळवायचा एक फुकटचा प्रोग्राम उतरवला आणि घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. काहीही उघडा, मध्येच जाहिराती नाचायच्या. वजन घटवा, केस उगवा, लॉटरी लागली! आणि सोमवारी आमच्या मुलीची, मुक्ताची, याच कॉम्प्युटरवर नोकरीची मुलाखत. साहेबलोकांसमोर टकलाच्या तेलाची बाई अवतरली तर पोरीला नोकरी कोण देणार?

कांचघर भागातून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तिवारीजींना बोलावलं. त्यांनी तो प्रोग्राम काढून टाकला, सगळं साफ केलं आणि ते गेले. मग मी माझ्या पद्धतीनं तपासणी केली. जाहिराती हजर!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पुसून कॉम्प्युटर नव्यानं भरून दिला. ते गेले, मी तपासणी केली, पुन्हा तेच. फोनवर त्यांना सुनावलं, "हमारे सेक्शन में ऐसा काम होता तो माल वापस जाता." मग संशय शैलावर. तिचे ते रेसिपीचे व्हिडिओ! तिला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी केली. तिनं माझ्या चहातली साखर बंद केली. शेजाऱ्यांच्या वायफायवरही शंका घेऊन झाली. मुक्ता बिचारी रडकुंडीला आली.

रविवारी तिवारीजी आले ते ठाण मांडूनच बसले. सफाई झाल्यावर म्हणाले, "अंकलजी, आज मैं यहीं बैठूँगा. देखें, आता कहाँ से है."

बराच वेळ गेला, एक जाहिरात नाही. मुक्ता हसली. शैलानं पोहे आणले.

"थांबा," मी म्हटलं, "अजून पास नाही झालं."

आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तो पत्रिकेचा प्रोग्राम मी नमुना म्हणून त्यात जपून ठेवला होता. का म्हणजे? आमच्याकडे गोळा प्रत्यक्ष उडवून बघितल्याशिवाय माल पास होत नसे. मग व्हायरस प्रत्यक्ष सोडून बघितल्याशिवाय मी कॉम्प्युटर पास कसा करणार? पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्राम उघडला. वजन घटवा, केस उगवा!



"काहून हो," शैला म्हणाली, "म्हणजे दर वेळी तुम्हीच टाकून राहिले होते?"

"टाकून नाही, टेस्ट करून राहिलो होतो."

तिवारीजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली आणि हात जोडले. मला की कॉम्प्युटरला, ते कळलं नाही. मग पुन्हा कामाला लागले.

सोमवारी उजाडताच शैलानं पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि माझ्या हातात पिशवी देऊन मला कुंडमला बहिणीकडे रवाना केलं. मुलाखत झकास झाली. मुक्तानंच फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता तिला हसू आवरेना. शेजारच्या वहिनींनी आईला विचारलं होतं म्हणे, की काय हो, निघाला का शेवटी तुमचा व्हायरस?

"निघाला ना," शैला म्हणाली. "सकाळच्या बसनं कुंडमला गेला."