आवाजाला पोट नाही

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव टोमणा म्हणून पडलं होतं, त्याने ते पदवी म्हणून स्वीकारलं. कँटीनमध्ये कुणी मोबाइलवर गाणं लावलं की हा असा चेहरा करी, जणू चहात माशी पडली आहे. पगार वीजमीटर तपासनिसाचा असला तरी कान आपले राजघराण्यातले आहेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

घरचा स्टीरिओ हे त्याचं मोठं दुःख. अँप्लिफायर दोनदा बदलून झाला होता, पण स्पीकर तेच, नऊ वर्षांपूर्वी लग्नात सासऱ्यांनी दिलेले. सासरे म्हणजे अण्णा, धंद्याने सुतार. आयुष्यभर लोकांची कपाटं केली आणि हौस म्हणून स्पीकरची खोकी. लेकीसाठी केलेली जोडी त्यांनी चार महिने घासली होती. जावयाने ती हॉलमध्ये मांडली, स्वतःच्या हाताने वायरी जोडल्या, एक गाणं ऐकलं आणि जेवताना सगळ्यांदेखत निकाल दिला, "लाकूडकाम उत्तम आहे अण्णा, पण आवाजाला पोट नाही."

अण्णांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी एकही खोकं केलं नाही. कान गेले आता, म्हणाले. वय झालं की कान जायचेच, एवढं बोलून जावईबापू मोकळे झाले. बायकोला मात्र कारण दिसत होतं, आणि ती ते विसरली नव्हती.

यंदा बोनस आला. बायकोने त्यातला लहानसा वाटा स्टीरिओसाठी मोकळा केला, तोही अटीवर. "एकच वस्तू यायची. आणि स्पीकर काढायचे असतील तर अण्णांना तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार."

पंधरा दिवस तो डोकं खाजवत होता. चांगली वायर घेतली तर पैसे उरतात, पण चारचौघांना दाखवण्यासारखं काही राहत नाही. तिसऱ्यांदा नवा अँप्लिफायर आणला तर बायको दोघांनाही घराबाहेर काढील. शेवटी नंबर लागला स्पीकरचा. फळीवर मावतील असे छोटे घ्यायचे, जुने दुकानात देऊन थोडी सूट मिळवायची. आता उरलं अण्णांना सांगणं. दाढी करताना आरशासमोर तो वाक्य घोटू लागला, "अण्णा, जागा फार लागते हो त्यांना." त्याच्या जुन्या मासिकांचा ढीग स्पीकरपेक्षा जास्त जागा खात होता, पण ते वाक्यात बसत नव्हतं.

शनिवारी त्याने स्पीकर भिंतीपासून ओढले. वायरी सोडवण्याआधी दोन्हींच्या पाठीमागच्या जोडणीचा फोटो काढला, कारण जोडणीला हात लावण्याआधी फोटो, हा ऑफिसचा नियम त्याच्या अंगात मुरला होता. असे फोटो दाखवून त्याने वीजचोरी करणाऱ्या भल्याभल्यांना गप्प केलं होतं. मग जोडी चादरीत गुंडाळून टॅक्सीने दुकानात नेली.

दुकानदार म्हातारा, कमी बोलणारा. "आधी वाजवून बघू," म्हणाला आणि कोपऱ्यातल्या एका साध्या, जुनाट अँप्लिफायरला त्याने ती जोडी लावली.

गाणं सुरू झालं. खालचे सूर कसे भरून आले, आणि गाणारी बाई दोन्ही खोक्यांच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. घरी ही बाई नक्की कुठे उभी राहून गाते, ते नऊ वर्षांत त्याला कळलं नव्हतं.

"तुमचा अँप्लिफायर भलताच भारी दिसतोय," तो म्हणाला.

"हा? भंगारात आला होता."

"मग खोली चांगली असणार."

पंख्यांच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेल्या त्या खोलीवरून दुकानदाराने एकदा नजर फिरवली. "घरी जोडले होते कसे?"

कानसेनाने ऐटीत फोटो पुढे केला. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "पट्टीवाली वायर या स्पीकरला लाल टोकाला आहे, आणि त्या स्पीकरला काळ्याला. एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघं मिळून खालचा आवाज खाऊन टाकतात. कुणी जोडलं हे?"

अँप्लिफायर दोनदा बदलला, तेव्हा त्याने वायरी फक्त अँप्लिफायरच्या टोकाला सोडवल्या होत्या. स्पीकरच्या मागे वाकून बघायचं त्याला सुचलंच नाही. आणि उलटी जोडणी पकडणं हे तर त्याच्या पोटापाण्याचं काम. पकडलेला प्रत्येक माणूस एकच उत्तर देई आणि हा मनातल्या मनात हसे. आज तेच उत्तर त्याने स्वतःच्या तोंडून ऐकलं.

"वायरमनने."

घरी येऊन त्याने जोडी पुन्हा लावली, या वेळी डोळे उघडे ठेवून. बायको ओले हात पुसत बाहेर आली.

"नवीन आणले?"

"तेच आहेत."

"मग केलंत काय?"

नवी वायर टाकली, असं म्हणायचा मोह अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण दाखवायला नवी वायर नव्हती, म्हणून तो खरं बोलला. बायको पोट धरधरून हसली. "नाचता येईना अंगण वाकडं! तेही नऊ वर्षं!" मग तिचं हसू ओसरलं. "अण्णांनी स्वतःच्या कानांवर नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला हो."

कानसेनाला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. आरशासमोर घोटलेलं वाक्य आता काही कामाचं नव्हतं.

रविवारी सकाळी तो गेला तेव्हा अण्णा आपल्या घराच्या दारात बसून एका स्टुलाचा पाय घासत होते. हात किंचित थरथरत होते.

"अण्णा, त्या स्पीकरमध्ये काही खोट नव्हती. मीच वायर उलटी जोडली होती. पहिल्या दिवसापासून."

अण्णांचा हात थांबला. "म्हणजे माझे कान..."

"शाबूत होते. गाढव मी होतो."

अण्णा हसले नाहीत. "माझ्याकडे वाजवले तेव्हा मला पोट ऐकू यायचं. तुमच्या घरी येईना. वर तुम्हीही तेच म्हणालात. तुम्ही वीजवाले, शिकलेले. म्हटलं, आधी ऐकला तो आपला भासच. दोन जोड्यांचं काम आलं होतं, नाही म्हणून सांगितलं." त्यांनी स्टुलाचा पाय बाजूला ठेवला. "नऊ वर्षं, जावईबापू."

कानसेन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. तो म्हणाला, "स्टीरिओचे पैसे तसेच आहेत, अण्णा. लाकूड आणतो. कापायचं जड काम मी करतो, तुम्ही सांगाल तसं. एक जोडी करू या."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. तुमच्या घरात एकही नाही."

अण्णांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या थरथरत्या हातांकडे.

"कापा," ते म्हणाले. "चुकलात तर दुसरं लाकूड आणता येईल. पण वायरी मी जोडणार."